वाचकांचे प्रश्न : ओपस १५ वाला अँडरसन

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेले की पाश्चात्त्य फ्लूट शिकणारा माणूस जगात कुठेही असो, थोडा पुढे गेला की योआखिम अँडरसनच्या एट्यूडपाशी येऊन अडकतोच (एट्यूड म्हणजे सरावासाठी लिहिलेला पण सुरुवात-शेवट असलेला पूर्ण तुकडा). त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळचं सगळं सदर त्याच्याच नावावर. बासरीवाल्यांनी जरा दम धरा, पुढच्या वेळी तुमचा नंबर.

प्रश्न : सरांनी ओपस १५ चं (ओपस म्हणजे संगीतकाराच्या कामाचा क्रमांक) पुस्तक हातात दिलं. वर नुसतं ‘अँडरसन’. हा परीकथावाला हान्स अँडरसनच का? घरातले सगळे तसंच समजतायत आणि मलाही काही सांगता येत नाहीये.
– एक विद्यार्थिनी

नाही हो, हा वेगळा. डेन्मार्कमध्ये अँडरसन हे आडनाव पायलीला पन्नास. परीकथावाला १८७५ ला वारला, तेव्हा आपला फ्लूटवाला २८ वर्षांचा होता आणि दोघंही कोपनहेगनला राहायचे, इतकाच काय तो संबंध.

आपल्या माणसाचं पूर्ण नाव कार्ल योआखिम अँडरसन. जन्म २९ एप्रिल १८४७. वडील स्वतः फ्लूट वाजवणारे, पहिले गुरू तेच, आणि धाकटा भाऊ व्हीगो तोही फ्लूटवालाच निघाला, म्हणजे त्या घरात दिवसभर काय चालत असेल त्याची कल्पना करा. वयाच्या १३ व्या वर्षी हा पोरगा निल्स गाडेच्या हाताखालच्या ऑर्केस्ट्रात पहिल्या फ्लूटच्या खुर्चीत बसला. गाडे म्हणजे साधा माणूस नाही, जर्मनीत लाइपझिगला मेंडेलसोन या मोठ्या संगीतकाराच्या जागेवर कंडक्टर म्हणून काम केलेला आणि १८४८ मध्ये प्रशिया (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) आणि डेन्मार्कचं युद्ध पेटलं म्हणून मायदेशी परतलेला. म्हणजे बाहेरदेशी जाऊन नाव काढता येतं हे मुलाला लहानपणीच समोर दिसत होतं.

पुढे १८६९ ते १८७७ कोपनहेगनच्या रॉयल ऑर्केस्ट्रात नोकरी, मग सेंट पीटर्सबर्ग, मग १८८१ ला बर्लिन, तिथे १८८२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक सुरू करणाऱ्यांपैकी एक आणि साधारण १८९३ पर्यंत तिथला मुख्य फ्लूटवादक. नंतर परत कोपनहेगन, तिथे कंडक्टर, आणि ७ मे १९०९ ला मृत्यू. हा झाला सांगाडा. खरी गंमत मधल्या भानगडींत आहे, ती पुढच्या उत्तरांत येईलच.

घरच्यांना एवढंच सांगा की या अँडरसनने परीकथा लिहिल्या नाहीत, १८८ एट्यूड लिहिले. आठ पुस्तकं. तुमच्या हातातलं त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध.

प्रश्न : राजाच्या ऑर्केस्ट्रात पक्की नोकरी, आठ वर्षं झालेली, आणि माणूस उठून रशियाला जातो? भांडण वगैरे झालं होतं का? आणि ज्या जर्मनांनी डेन्मार्कला हरवलं त्यांच्याच राजधानीत जाऊन राहायचं म्हणजे जरा कमालच नाही का?
– निवृत्त शिक्षक

सर, त्याच्या मनात काय होतं ते सोडा, नोकरी कशी असते ते बघा. व्हायोलिनवाल्यांना ऑर्केस्ट्रात पंधरा-वीस खुर्च्या असतात, फ्लूटला दोन नाहीतर तीन. वरचा माणूस रिटायर होईपर्यंत खालच्याने वाट बघायची. रॉयल ऑर्केस्ट्रा म्हणजे मुख्यतः थिएटरची चाकरी, रोज संध्याकाळी स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून ऑपेरा आणि बॅले वाजवायचे. आणि कोपनहेगन तेव्हा काही फार मोठं शहर नव्हतं, एक नोकरी सोडली तर दुसरी त्याच तोडीची नोकरी त्याच गल्लीत मिळत नाही, दुसऱ्या देशातच मिळते. तेव्हाच्या फूंकवाद्यवाल्यांचं देशांतर हे बरंचसं असं होतं, रिकामी खुर्ची कुठे आहे त्या दिशेने. मला तरी यात भांडणाची गरज दिसत नाही.

रशियाचं म्हणाल तर सेंट पीटर्सबर्गला झारच्या थिएटरांत बाहेरच्या वादकांना चांगलीच मागणी होती. चेझारे चार्दी नावाचा इटालियन फ्लूटवाला तिथे १८५३ पासून होता, पुढे मोठा संगीतकार झालेल्या तरुण चायकोव्हस्कीने तिथल्या कन्झर्वेटरीत (संगीत महाविद्यालयात) त्याच्याकडेच फ्लूटचे धडे घेतलेत. दुसरा इटालियन एर्नेस्टो केलर, मोदेनाचा, १८७१ ला आला तो मरेपर्यंत तिथेच राहिला, आणि त्याचेही एट्यूड आज मुलं वाजवतात. चार्दी १८७७ ला वारला आणि पुढच्याच वर्षी अँडरसन पीटर्सबर्गला पोहोचला. दोन वर्षं तिथे काढली.

युद्धाबद्दलचा तुमचा मुद्दा बरोबर आहे. १८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाने डेन्मार्ककडून श्लेस्विग-होल्स्टाइन घेतलं तेव्हा अँडरसन १७ वर्षांचा होता आणि आणखी १७ वर्षांनी तो त्याच प्रशियाच्या राजधानीत नोकरीला लागला. पण संगीतवाल्यांचा नकाशा वेगळाच असतो ना, त्यांच्या लेखी जर्मनी म्हणजे जिथे चांगले ऑर्केस्ट्रा आणि चांगले प्रकाशक आहेत तो देश. गाडेसुद्धा तिथेच मोठा झाला होता.

आता बर्लिनची भानगड, कारण ती मला फार आवडते. तिथे बेंजामिन बिल्झे नावाचा कंडक्टर स्वतःचा ऑर्केस्ट्रा चालवायचा. लोक टेबलाशी बसून खातपीत ऐकायचे, तिकीट परवडणारं, वाजवणं मात्र एकदम कडक. वादकांना मात्र पगार कमी आणि अटी जाचक. १८८२ मध्ये वॉर्सोचा दौरा ठरला आणि बिल्झेसाहेबांनी सगळ्यांना रेल्वेच्या चौथ्या वर्गाने न्यायचं ठरवलं. चौथा वर्ग! तिसऱ्याच्याही खाली. आधीच धुमसत होतं त्यात हे तेल, आणि ५४ वादक सोडून बाहेर पडले, स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला आणि ठरवलं की मालक कोणी नाही, कारभार आपण बघायचा. तेच बर्लिन फिलहार्मोनिक. सुरुवातीला नावसुद्धा ‘पूर्वीचा बिल्झे ऑर्केस्ट्रा’ अशा अर्थाचं होतं आणि हॉल म्हणजे बेर्नबुर्गर श्ट्रासवरचं एक स्केटिंग रिंक, तेच दुरुस्त करून वापरायला घेतलेलं. आज ज्याच्या तिकिटांसाठी मारामारी होते त्या ऑर्केस्ट्राचा जन्म असा रेल्वेच्या डब्यावरून झालाय.

बर्लिनला येऊन जेमतेम वर्ष झालेला परदेशी माणूस पक्का पगार सोडून या बंडात जातो, आणि सुरुवातीची वर्षं पैशांची इतकी तंगी की आज बंद पडतो का उद्या अशी अवस्था. हे धाडस मला त्याच्या देश सोडण्यापेक्षा मोठं वाटतं. हेर्मान वोल्फ या मॅनेजरने पुढे व्यवहार सांभाळला आणि १८८७ ला हान्स फॉन ब्यूलो कंडक्टर म्हणून आला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. मग १८८८ मध्ये चायकोव्हस्की स्वतःची कामं कंडक्ट करायला येऊन गेला, ब्राम्सचं येणंजाणं होतं. अँडरसन हे सगळं पहिल्या फ्लूटच्या खुर्चीतून बघत होता. उन्हाळ्यात हा ऑर्केस्ट्रा हॉलंडच्या समुद्रकाठी स्खेव्हनिंगनला वाजवायला जायचा, तिथे त्याला कंडक्टरची काठीही हातात मिळायला लागली. ती पुढे कामी आली.

प्रश्न : तो जिभेच्या आजारामुळे फ्लूट सोडून घरी परतला असं वाचलं. पण फ्लूट तर फुंकायची असते ना, जिभेचा काय संबंध? मी क्लासला गेलेलो नाही, नुसता ऐकणारा आहे.
– एक श्रोता

चांगला प्रश्न, आणि ऐकणाऱ्याला हे दिसतही नाही कारण सगळा खेळ तोंडाच्या आत.

फ्लूटला सनई-क्लॅरिनेटसारखी पत्ती नसते. ओठांच्या फटीतून हवेची बारीक धार सोडायची, ती तोंडाशी असलेल्या भोकाच्या समोरच्या कडेवर आपटते आणि आतली हवा कंप पावते. स्वर चालू ठेवायला जीभ लागत नाही, बरोबर. पण स्वर सुरू करायला लागते. जिभेचं टोक दातांमागे टेकवून हवा अडवायची आणि ‘तू’ म्हटल्यासारखं झटकन सोडायची, हे टंगिंग. वेग वाढला की एकटं टोक पुरत नाही, मग तू-कू तू-कू, म्हणजे एकदा टोक आणि एकदा जिभेचा मागचा भाग. हे डबल टंगिंग. एका दमात सलग जोडून वाजवायचे स्वर जिभेशिवाय जमतील, पण तुटक स्वर? सुरुवातच ‘हू’ अशी भुसभुशीत येणार.

मेंडेलसोनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधलं स्केर्झो (हलका, पळता तुकडा) काढून ऐका, त्याच्या शेवटी फ्लूट एकटी पुढे येते आणि दोनशेहून जास्त तुटक, चिमुकले, एकसारखे स्वर एका झपाट्यात टाकते, श्वासाला जागा जवळजवळ नाहीच. जगातल्या कुठल्याही ऑर्केस्ट्राच्या फ्लूटच्या ऑडिशनला हे येतंच येतं. आता जीभ जरा जरी जड झाली तर यातलं काय उरेल? ऑर्केस्ट्रात तुमच्या सोयीने स्वर जोडून वाजवता येत नाहीत, बाजूला ओबो आहे, मागे क्लॅरिनेट आहे, सगळ्यांची सुरुवात एका क्षणी व्हायला हवी.

१८९२ च्या सुमारास अँडरसनच्या जिभेला लकवा झाला. वय ४५. १८९३ ला तो कोपनहेगनला परत आला, आणि फ्लूट कायमची बाजूला ठेवावी लागली.

पुढचं ऐका. त्याच्या आठ पुस्तकांतलं सगळ्यात अवघड ते ओपस ६०, त्यालाच ‘व्हर्च्युओसिटीची शाळा’ म्हणतात. हे आणि शेवटचं ओपस ६३ छापून आलं १८९५ च्या आसपास, म्हणजे त्यातलं एकही पान तो स्वतः सरळ वाजवू शकत नव्हता तेव्हा. यावर उगाच डोळे पुसायला नकोत, कारण त्याला काय येत होतं हे त्याला पक्कं माहीत होतं आणि लिहायला जीभ लागत नाही. पण ओपस ६० वाजवताना ते तू-कूचे लांबलचक उतारे आले की मला हे आठवतंच.

परतल्यावर तो रिकामा बसला नाही हेही सांगते. कोपनहेगनमध्ये रविवारच्या स्वस्त तिकिटाच्या ऑर्केस्ट्रा कॉन्सर्ट्स चालवल्या, १८९८ पासून मरेपर्यंत टिवोली या बागेच्या ऑर्केस्ट्राचा कंडक्टर होता, आणि ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांसाठी एक शाळा काढली. स्वभावाने कडक, हाताखालच्यांना धाक असायचा असं सगळीकडे म्हणतात. बिल्झेच्या हाताखाली राहिलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा!

प्रश्न : स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एट्यूड लिहिणाऱ्याला कंपोझर म्हणायचं का? मग स्केलचं पुस्तक लिहिणाराही कंपोझर झाला की. त्याची एखादी सिंफनी दाखवा.
– एक पियानोवाला

राग कशाला. सिंफनी नाही, दाखवणार कुठून. जवळजवळ सगळं लिखाण फ्लूटसाठीच. आणि हे आधीच कबूल की त्याच्या कॉन्सर्टच्या तुकड्यांमध्ये हंगेरियन फँटसी, तारांतेला, ऑपेरातल्या गाण्यांवरचे नग असा त्या काळचा बराच माल आहे. वाजवायला मजा, ऐकायला बरं, आणि संपलं की विसरलं. त्याच्या वेळी त्याला नाव याच तुकड्यांनी मिळालं असेल, आज ते फारसे कोणी लावत नाही.

पण पियानोवाल्यांनी हा प्रश्न विचारावा म्हणजे… अहो, शोपँचे एट्यूड तुम्ही स्टेजवर वाजवता ना? अँडरसनला लोक ‘फ्लूटचा शोपँ’ म्हणतात ते उगाच नाही. (मला स्वतःला ही पदवी जरा जास्तच वाटते, पण दिशा बरोबर आहे.) ओपस १५ ची रचनाच बघा, २४ एट्यूड, २४ मेजर-मायनर पट्ट्या, क्रम शोपँच्या प्रेल्यूड्सचाच (पियानोच्या छोट्या तुकड्यांचा) : सी मेजर, ए मायनर, जी मेजर, ई मायनर असं पुढे पुढे.

त्यातला तिसरा घ्या, जी मेजरचा. कागदावर बघितलं तर नुसती अर्पेजिओची (कॉर्डचे स्वर एकामागून एक) रांग, पान काळं झालेलं. पहिल्यांदा वाजवलं की खरंच बोटांचा व्यायाम वाटतो. मग सर सांगतात की प्रत्येक घोळक्यातला गाण्याचा स्वर तेवढा उचल, बाकीचे हलके ठेव. आणि एकदम त्या पळापळीतून सावकाश चालणारी धून वर येते आणि उरलेले स्वर तिच्या खाली साथ करायला लागतात. फ्लूटला एका वेळी एकच स्वर काढता येतो हो! तुमच्यासारखा डावा हात नाही. एकाच स्वराच्या वाद्यातून धून आणि साथ दोन्ही ऐकू येतील असं लिहिणं हे कंपोझरचं काम नाही तर कोणाचं? बाखने एकट्या व्हायोलिनसाठी हेच केलं, अर्थात बाख तो बाख.

अजून एक साक्ष. पॅरिसच्या कन्झर्वेटरीत पॉल ताफानेल हा त्या काळचा सगळ्यात मोठा फ्लूट-गुरू. तिथे वर्षअखेरच्या परीक्षेसाठी तेच तेच जुने तुकडे वर्षानुवर्षं फिरत होते, ते बदलायला त्याने घेतलं आणि १८९० च्या दशकात अँडरसनचे कॉन्सर्टचे तुकडे परीक्षेला लावले, वर्गात एट्यूडही शिकवायला घेतले. १८९८ चा परीक्षेचा तुकडा गाब्रिएल फोरेने लिहिला, तो फँटसी आज सगळे वाजवतात. फ्रेंच फ्लूटवाले स्वतःबद्दल किती अभिमानी असतात ते तुम्हाला माहीत नसेल, बर्लिनमधल्या डॅनिश माणसाचं पुस्तक ते उगाच हातात धरत नाहीत.

प्रश्न : भावाचं पुढे काय झालं? तोही परदेशी गेला का?
– पोस्टकार्डावर, नाव वाचता आलं नाही

गेला, आणि जास्तच लांब. व्हीगो अमेरिकेत पोहोचला आणि १८९१ मध्ये थिओडोर थॉमसने शिकागोचा ऑर्केस्ट्रा काढला त्यात पहिला फ्लूटवादक झाला. १८९५ मध्ये तिथेच वारला. म्हणजे बर्लिन आणि शिकागो, आजचे दोन बलाढ्य ऑर्केस्ट्रा, दोन्हीकडे सुरुवातीच्या दिवसांत पहिल्या फ्लूटवर एकाच घरातले दोन भाऊ. या घरावर कोणीतरी चांगलं पुस्तक मराठीत लिहायला हवं.

प्रश्न : त्याच्या वेळी आत्ताचीच फ्लूट होती का?
– एक विद्यार्थी

आत्ताची जी मेटलची, नळीसारखी सरळ, बटणांच्या यंत्रणेची फ्लूट आहे तिचं हे रूप म्युनिकच्या थेओबाल्ड बेमने १८४७ ला आणलं, बरोबर अँडरसनच्या जन्मवर्षी. पण लगेच सगळ्यांनी घेतली असं नाही, जर्मन ऑर्केस्ट्रांत जुन्या लाकडी फ्लूट बरीच वर्षं चालल्या, नवीचा आवाज फार मोठा आणि उघडा वाटतो अशी कुरकुर होती. तुम्ही मात्र बेमचीच वाजवणार. तुमच्या फ्लूटवर त्याचे काही अवघड जोडस्वर उलट सोपे जातील.

प्रश्न : क्लासला तीन वर्षं झाली, सर बदलले, नव्या सरांनी थेट ओपस १५ दिलंय आणि पहिल्याच पानावर दम निघतोय. आधी काय करू? आणि श्वास घ्यायचा कुठे, या माणसाने विश्रांतीचं चिन्हच दिलेलं नाही!
– वैतागलेला

सरांना विचारूनच करा, पण माझ्या मते तीन वर्षांवर १५ जरा लवकर होतं. ओपसचे नंबर अवघडपणाच्या क्रमाने नाहीत, तो गोंधळ सगळ्यांचा होतो. ४१ पासून सुरू करा, १८ छोटे एट्यूड आहेत, गाणं गाण्यासारखे, त्यात आवाज आणि फ्रेज (धुनेतलं एक वाक्य) सुधारतं. मग ३७ चे २६ छोटे काप्रीचिओ, मग ३३. इथपर्यंत नीट झालं की ३० आणि २१ मधले निवडक, आणि मग १५. ६३ आणि ६० त्याच्याही नंतर, त्याची घाई अजिबात करू नका. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नसले तर जुन्या आवृत्त्या नेटवर फुकट मिळतात, माणूस १९०९ ला गेलाय, कॉपीराइट कधीच संपला. फक्त नवीन संपादकांनी टाकलेल्या श्वासाच्या आणि स्लरच्या (स्वर जोडून वाजवायच्या) खुणा वेगवेगळ्या असतात तेव्हा दोन आवृत्त्या शेजारी ठेवून बघा.

आता श्वास. तक्रार रास्त आहे, दोन दोन पानं सेमीक्वेव्हर (एका मात्रेत चार असे झटपट स्वर) आणि मध्ये एकही मोकळी जागा नाही. आधी पेन्सिल घेऊन फ्रेज शोधा, वाजवायला घ्यायच्या आधी, नुसतं वाचत. श्वास बार (मात्रांचा एक ठरावीक गट) संपला तिथे घ्यायचा हा मोह टाळा, पुढच्या बारचा पहिला स्वर वाजवून मग घ्या म्हणजे धून तुटल्यासारखी वाटत नाही. वेळच नसेल तर साथीचा एखादा स्वर सरळ गाळा, गाण्याचा कधीच नाही, आणि कुठला गाळायचा तो एकदा ठरला की रोज तोच. आणि श्वास संपल्यावर घ्यायला जाऊ नका, थोडा शिल्लक असतानाच घ्या. दम निघतो तो हवा कमी पडते म्हणून नाही, बऱ्याचदा जुनी हवा आतच साठून राहते म्हणून. पहिला आठवडा अर्ध्या वेगात, दर चार बारला थांबून, फुप्फुस रिकामं करून मग पुढे. पहिलं पान एवढ्याने सुटलं नाही तर परत लिहा, कुठल्या बारला अडतंय ते नंबरासकट.